जुना लोडर खोलण्याआधी

नांदेड-लातूरकडे खडी केंद्रावर किंवा साखर कारखान्याच्या बगॅस यार्डात जुना चाकांचा लोडर दिसला, तर आधी ‘हिंदुस्तान 2021’ हे नाव शोधा. हिंदुस्तान मोटर्सने हे मॉडेल तामिळनाडूतल्या तिरुवल्लूरला बनवले. या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा हे लोडर बनवणारा विभाग कॅटरपिलरने घेतला. त्यामुळे एकाच मॉडेलवर दोन कंपन्यांची नावे आढळतात. रंगावर विसंबू नका, तो कित्येकदा बदललेला असतो. चेसिसवरची प्लेट आणि ठोकलेला नंबर बघा. इंजिन बदललेले असू शकते, म्हणून त्याचा नंबर वेगळा टिपून घ्या.

खरी परीक्षा मधल्या सांध्याची. मशीन तिथेच वळते, आणि पिन-बुश झिजले की पुढचा-मागचा भाग एकमेकांवर खेळू लागतो. रंगकाम त्यानंतर. बेसाल्टच्या धुळीने हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड ओरखडलेले असतील, तर नुसती सील बदलून गळती थांबत नाही.

बकेट जमिनीवर टेकवल्याशिवाय खाली शिरू नका. रिंगवाले चाक उतरवण्याआधी त्यातली सगळी हवा काढा. उडालेली रिंग जीव घेते.

मशीन भंगारात निघालेच, तर प्लेट आणि मॅन्युअल तरी जपून ठेवा.