बाळबांधणी : उसाची आणि लेकरांची



लागणीनंतर दीड-दोन महिन्यांत उसाची बाळबांधणी उरकून घ्या, असे आम्ही प्रत्येक शेतकरी मेळाव्यात सांगत आलो आहोत. कोवळ्या फुटव्यांना वेळेवर आधार मिळाला नाही, तर पुढे कितीही खत टाका, टनेज भरून निघत नाही. पण आपल्याच फडात वाढणाऱ्या लेकरांकडे आम्ही या नजरेने कधी पाहिले नव्हते.

गेल्या हंगामात एका फडावर गेलो होतो. बांधावरच्या बाभळीला साडीची झोळी, झोळीत सात-आठ महिन्यांचे बाळ आणि झोका द्यायला आठ वर्षांची बहीण. "शाळेत का जात नाहीस गं?" आम्ही विचारले.

"मंग ह्याला कोण बघंल?" ती म्हणाली.

बाळ रडू लागले. आई मोळ्या बांधत होती, पण तिला उठता येईना. गाडी लवकर भरा म्हणून मुकादमाच्या मागे आम्हीच लागलो होतो!

गावाकडे हेच बाळ आजीच्या मांडीवर असते. आजी त्याच्याशी बोलते, वेळेवर भरवते, अंग तापले तर लगेच ओळखते. जवळचे माणूस बोलते, तेव्हाच मूल बोलायला शिकते. आमच्या घरी तरी काय? हंगामात आम्ही पोहोचतो तेव्हा पोरं झोपलेली असतात. आजी आहे म्हणून निभते. त्या बहिणीच्या मायेत काही कमी नव्हते, पण ती स्वतःच लेकरू आहे.

त्या सभासदाच्या मातोश्रींनी दुसऱ्या दिवशी झोळी आपल्या वस्तीवर बांधून घेतली. दूध पाजायला आईला दोनदा सुट्टी मिळाली आणि पोरगी त्यांच्या नातवाबरोबर शाळेत गेली. टोळी हलेपर्यंत जात राहिली.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत हंगामाच्या मध्येही प्रवेश मिळतो. जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून अडवता येत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडी आहे. फक्त कुणीतरी बोट धरून नेले पाहिजे.

तेव्हा येत्या हंगामात टोळी आली की, तिच्यात लेकरं किती आणि त्यांना सांभाळतं कोण, एवढे आमच्या गटकार्यालयाला जरूर कळवा. आम्हीही यंदापासून तोडणीच्या वहीत तो रकाना आखला आहे.