उडण्याआधी गुडघ्यांना विचारा

वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये पसरणी गावचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी परीक्षेची वेळ जवळ आली तेव्हा नेमका पाचगणीत होता. घाटातल्या गर्दीतून वेळेत पोहोचणे कठीण, म्हणून तेथील पॅराग्लायडिंगच्या अनुभवी चालकाबरोबर तो हवेतूनच खाली उतरला आणि परीक्षेला बसला. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. तेव्हापासून आमच्या दवाखान्यातही एक नवा प्रश्न येऊ लागला आहे: "डॉक्टर, हे मला जमेल काय?" गंमत म्हणजे असे विचारणाऱ्यांत तरुण थोडे आणि चाळिशी-पन्नाशीतले जास्त असतात. मुले मार्गी लागलेली असतात, हातात थोडा पैसा असतो आणि लहानपणी पाहिलेली घार मनातून गेलेली नसते.

हा छंद वाईट नाही. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी स्वतः कामशेतला जाऊन त्याचे प्राथमिक शिक्षण घेतले. मात्र 'जमेल काय' याचे उत्तर धाडसात नसते. ते आपल्या गुडघ्यांत, कमरेत, कानांत आणि औषधांच्या डब्यात असते. म्हणून आज या विषयाकडे आरोग्याच्या बाजूने पाहू.

हे उडणे म्हणजे काय?

पॅराग्लायडर म्हणजे विमानातून उडी मारतानाचे पॅराशूट नव्हे. तो कापडाचा लांबट पंख असतो. त्याच्या पुढच्या कडेला तोंडे असतात, त्यांतून हवा शिरते, कप्पे फुगतात आणि कापडाला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. चालक खाली हार्नेसमध्ये बसतो आणि हातांतल्या दोन दोऱ्यांनी पंख वळवतो. वेग साधारण ताशी ३५ ते ४० किलोमीटर. शांत हवेत तो सेकंदाला सुमारे एक मीटर खाली येतो आणि तेवढ्यात आठ-नऊ मीटर पुढे जातो. म्हणजे शंभर मीटर उंचीच्या टेकडीवरून निघालात तर दीड-दोन मिनिटांत जमिनीवर! त्याहून जास्त वेळ वर राहायचे तर डोंगरावर आपटून वर चढणारा वारा किंवा उन्हाने तापून वर जाणारी हवा शोधावी लागते. घार नेमके हेच करते. या खेळाची सुरुवात १९७८ साली फ्रान्समधील मियुसी या डोंगराळ गावी झाली, असे मानतात.

आता पॅरामोटर. यात पंख तोच, पण पाठीवर छोटे पेट्रोल इंजिन आणि त्याला जोडलेला प्रोपेलर, भोवती जाळीचा पिंजरा. यामुळे डोंगराची गरज उरत नाही, मोकळ्या सपाट मैदानातूनही धावत उड्डाण करता येते. या सोयीची किंमत मात्र पाठीला मोजावी लागते. इंजिन आणि पिंजरा मिळून वजन २० ते ३० किलो, त्यात इंधनाची भर. एवढे ओझे पाठीवर घेऊन वीस-तीस पावले जोरात पळायचे. पन्नास किलोचे पोते पाठीवर सहज टाकणारे हमाल आपण बाजारात पाहतो, पण ते पळत नाहीत.

पडायला शिकणे

आपल्या महाराष्ट्रात पॅराग्लायडिंग शिकण्यासाठी पुणे-मुंबई रस्त्यावरचे कामशेत आणि साताऱ्याकडचे पाचगणी ही नावाजलेली ठिकाणे. पावसाळा संपल्यावर, साधारण ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत हंगाम असतो. पॅरामोटर शिकायचे असले तरी आधी बिनइंजिनाचा पंख सांभाळायला शिकावे, हा शहाणपणाचा क्रम.

कामशेतला सुरुवातीला आम्ही जमीन सोडलीच नाही. पंख जमिनीवर पसरायचा, वाऱ्याकडे तोंड करून तो डोक्यावर उभा करायचा, तो डावीकडे कलला की आपणही त्याच्याखाली पळत जायचे. मोठा पतंगच तो, फक्त इथे पतंग माणसाला ओढतो. दुपारपर्यंत मांड्या भरून येतात आणि सदरा घामाने भिजतो. मग उतरताना पाय कसे ठेवायचे ते शिकवतात: दोन्ही पाय जवळ, गुडघे किंचित वाकलेले, आणि तोल गेलाच तर अंग कुशीवर लोळवत पडायचे. कोल्हापूरकराला हे नवे नाही. तालमीत लाल मातीवर वस्ताद पोराला डावाच्या आधी पडायला शिकवतात, तीच ही विद्या.

इजा कोठे होते?

साध्या पॅराग्लायडिंगमधील इजा बहुतेक उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी होतात. घोटा मुरगळणे किंवा मोडणे, टाचेचे हाड फुटणे, आणि बुडावर आपटल्यामुळे पाठ व कंबर जिथे मिळतात तिथला मणका दबणे, हे नेहमीचे प्रकार. यातली शेवटची इजा सर्वांत वाईट, कारण मणक्याच्या आत मज्जारज्जू असतो.

पॅरामोटरची गोष्ट थोडी वेगळी. १९९५ ते २०१२ या काळातील ३८४ अपघातांच्या नोंदींचा अभ्यास २०१४ साली 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक इजा हातांना झालेल्या आढळल्या आणि त्यामागे मुख्यत्वे फिरता प्रोपेलर होता. निम्म्याहून अधिक अपघातांचे कारण चालकाची स्वतःची चूक हे होते. याचा अर्थ पॅरामोटरमध्ये धोका आकाशात जाण्याआधीच, इंजिन सुरू करताना, उभा असतो. इंजिन सुरू असताना पिंजऱ्याजवळ हात नेऊ नये, आणि मुलांना व बघ्यांना प्रोपेलरच्या रेषेत उभे राहू देऊ नये.

दुसरा धोका पाण्याचा. पाठीवर इंजिन बांधलेला माणूस नदीत किंवा तलावात उतरला तर पट्टे सोडवायच्या आत बुडू शकतो. आपल्याकडे पंचगंगेच्या दोन्ही काठांना उभा ऊस आणि उसावरून गेलेल्या विजेच्या तारा. वरून सगळे हिरवेगार गालिच्यासारखे दिसते, तारा मात्र दिसत नाहीत.

कोणी उडू नये?

फिट्स येणारे, वारंवार चक्कर येणारे, हृदयविकाराचा त्रास अलीकडे झालेले, रक्तदाब काबूत नसलेले, आणि गरोदर स्त्रिया यांनी या वाटेला जाऊ नये. अँजिओप्लास्टी झालेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये. उड्डाणाच्या क्षणी भीतीने नाडी एकदम वाढते, ती झेपली पाहिजे. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असू शकतात, त्यांनी हाडांची तपासणी आधी करावी. गुडघ्याची झीज असणाऱ्याने पॅरामोटरचा विचार सोडावा.

गूळ बाजारातले एक व्यापारी मध्यंतरी आले होते. वय पंचावन्न, मधुमेहासाठी इन्सुलिन चालू. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगं पॅरामोटर शिकायला निघालंय. मी पण जाऊ काय त्याच्याबरोबर?" मी म्हटले, "मालक, गाडी चालवताना साखर उतरली तर तुम्ही गाडी कडेला घेऊन खडीसाखर तोंडात टाकता. वर कडेला कुठे घेणार?" ते नाराज झाले, तो महिना तपासणीलाही आले नाहीत. नंतर आले ते मुलाची चिठ्ठी घेऊन. त्यावर वाऱ्याचा वेग, निघण्याची वेळ, इंधन असे सगळे व्यवस्थित लिहिलेले. आता ते मैदानावर उभे राहून वाऱ्याची पट्टी बघतात आणि मुलाला थांबवायचे काम करतात. छंदात असाही भाग घेता येतो, आणि तो कमी महत्त्वाचा नाही.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीही सांगतो. सर्दी झाली असेल तर कान आणि घसा जोडणारी नळी बंद होते, मग वर-खाली होताना कानात जबर दुखते. सर्दीच्या आणि खाजेच्या कित्येक गोळ्यांनी गुंगी येते, त्या घेऊन उडू नये. आदल्या रात्री मद्य घेतलेले असेल तर दुसऱ्या दिवशी उड्डाण नाही. वर लघवीची पंचाईत नको म्हणून पाणी न पिणे ही सवय चुकीची, उन्हात अंगातले पाणी कमी झाले की विचार मंदावतो. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते आणि वर वारा सतत लागतो, म्हणून खाली उकडत असले तरी जाकीट व हातमोजे हवेत. पॅरामोटरच्या आवाजाने कानाची नस कायमची जाऊ शकते, तेव्हा कान झाकणारे शिरस्त्राण वापरावे.

तयारी: तीन महिने आधी

हवेत बसून पोट कमी होत नाही. खुर्चीत बसल्यासारखेच ते बसणे. व्यायाम होतो तो उडण्यासाठी केलेल्या तयारीत, आणि या छंदाचा खरा आरोग्यलाभ तोच आहे. रोज पाऊण तास चाला, त्यात आठवड्यातून दोन दिवस चढ घ्या. जोतिबाच्या पायऱ्या किंवा पन्हाळ्याची वाट याहून चांगली सोय कुठली? पंचवीस बैठकांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. एका पायावर अर्धा मिनिट उभे राहून तोल सांभाळा. शेवटच्या महिन्यात फूटभर उंचीवरून दोन्ही पाय जुळवून, गुडघे वाकवून मऊ मातीत उड्या मारा. यापैकी कशानेही गुडघा सुजला तर ते त्याचे उत्तर समजा. सुरुवातीला रक्तदाब, साखर आणि चाळिशीनंतर हृदयाचा आलेख तपासून घ्या.

शिकवणारा कसा निवडावा?

महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणातही पॅराग्लायडिंग आणि पॅरामोटर यांचा समावेश आहे. तेव्हा सहलीत नुसते चालकाबरोबर बसून उडायचे असले तरी नोंदणी, विमा, राखीव पॅराशूट आणि शिरस्त्राण यांची चौकशी करण्यात संकोच करू नये. स्वतःचे पॅरामोटर घेऊन गावाकडच्या माळावर परवानगीशिवाय उडणे तर मुळीच नको. आपल्या उजळाईवाडीला विमानतळ आहे, त्याच्या आसपासचे आकाश आपल्या मर्जीचे नाही.

अपघात झालाच तर

उंचावरून आपटलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणाला तरी त्याला उठवून बसवू नका, आणि जीपमध्ये दुमडून तर मुळीच घालू नका. मणका मोडला असेल तर त्या हलवण्यानेच पाय कायमचे लुळे पडू शकतात. आहे तसा झोपू द्या, डोके-मान सरळ धरा, १०८ ला फोन करा. श्वास नीट चालू आहे ना, एवढे पाहत राहा.

प्रोपेलरने हात कापला तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा आणि हात उंच ठेवा. हळद, चहापूड काही भरू नका. बोट तुटून पडले असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून रुग्णाबरोबर पाठवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, त्याने ते मरते. वाचकहो, कडबाकुट्टीत, गुऱ्हाळाच्या चरकात किंवा कारखान्यात बोट गेले तरी हाच उपाय, म्हणून हे कात्रण कापून ठेवले तरी चालेल.

मग आनंद कशात?

एवढे वाचून कोणी म्हणेल, डॉक्टरांनी भीतीच घातली. तसे नाही. पाय जमिनीवरून सुटतात तेव्हा धावण्याची धडधड थांबते आणि कानाशी फक्त वारा उरतो. खाली पवनेचे पाणी, शेतांचे तुकडे, आपली सावली डोंगरउतारावरून सरकताना दिसते. गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहताना ज्यांना गरगरते, त्यांतील अनेकांना हवेत तसे होत नाही, कारण पायाखालून खालपर्यंत जाणारी भिंत नसते. त्या काही मिनिटांत दुकानाची उधारी, कोर्टाची तारीख काही आठवत नाही. मनाला अशी विश्रांती आमच्या कुठल्याही गोळीत नाही.

ती टिकवायची तर एक सवय लावून घ्यावी. सकाळी घर सोडण्याआधी पाच प्रश्न विचारावेत: झोप पुरी झाली का? सर्दी-ताप आहे का? गुंगी आणणारे औषध घेतले का? पोटात अन्न-पाणी आहे का? डोक्यात भांडण किंवा काळजी घोळते आहे का? आणि मैदानावर पोहोचल्यावर सहावा: वारा कसा आहे? यातल्या एकाचेही उत्तर वाईट आले तर पंख पिशवीतच ठेवून "आज नको" म्हणावे. उद्याही वारा असतो. चांगला चालक तोच, ज्याला हे दोन शब्द मित्रांच्या देखत मोठ्याने म्हणता येतात.