फडताळांतील रसायनशाळा

रसायनशास्त्र म्हटलें कीं विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें शाळेंतील प्रयोगशाळा, कांचेच्या नळ्या आणि कुलूप लावलेलें कपाट येतें. परंतु जीं द्रव्यें त्या कपाटांत चिठ्ठ्या लावून ठेविलेलीं असतात, त्यांचे सख्खे भाऊबंद घरच्या फडताळांत व न्हाणीघरांतील फळीवर उघडे पडलेले असतात, याची जाणीव फार थोड्यांस असते. चिंच आमटीसाठीं, सोडा भज्यांसाठीं, तुरटी दाढीसाठीं, अशी आपण त्यांची नेमणूक करून टाकिली आहे. वस्तुतः एकेका जिनसेच्या अंगीं अनेक गुण असतात, आणि ते कां असतात हें एकदां समजलें म्हणजे नवे उपयोग पाठ करावे लागत नाहींत. ते आपले आपणच सुचूं लागतात. कोणत्या दोन वस्तू एकत्र आणूं नयेत, हेंहि त्याच ज्ञानानें कळतें; आणि ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षां अधिक महत्त्वाची आहे, असें आम्ही समजतों.

आरंभ चिंचेपासून करूं. पितळेचा तांब्या चिंचेनें घासला कीं लखलखतो, हें घरोघर ठाऊक आहे. कां लखलखतो असें विचारल्यास 'चिंच आंबट असते म्हणून' एवढेंच उत्तर मिळतें. तें चूक नाहीं, पण अपुरें आहे. तांबें किंवा पितळ हवेंत राहिलें म्हणजे हवेंतील प्राणवायु व ओलावा यांच्या योगानें त्यावर काळपट, कधीं हिरवट, असा थर चढतो. चिंचेंत टार्टारिक नांवाचें अम्ल असतें. तें हा थर विरघळवितें, व खालची धातु उघडी पडते. कोंकणांत हेंच काम आमसुलाकडून घेतात. लिंबाच्या उरलेल्या सालीवर चिमूटभर मीठ घेऊन घासल्यासहि तोच परिणाम होतो. मात्र घासलेलें भांडें लगेच भरपूर पाण्यानें धुऊन कोरडें पुसावें. अम्लाचा अंश राहिला तर दुसऱ्या दिवशीं तें पूर्वीपेक्षां काळें दिसतें. तांब्यापितळेच्या भांड्यांस आंतून कल्हई कां करीत, हेंहि आतां उलगडेल. जें अम्ल डाग काढतें तेंच आमटींत थोडें तांबें उतरवितें, आणि तांबें पोटांत जाणें हितकर नव्हे.

याच अम्लाचा दुसरा उपयोग पाण्याच्या बंबांत व किटलींत होतो. विहिरीचें पाणी जड असेल तर तें तापवितां तापवितां भांड्याच्या आंतल्या बाजूस पांढरा, दगडासारखा थर बसतो. तो मुख्यतः चुन्याच्या क्षाराचा असतो. किटलींत शिरका व पाणी सारख्या प्रमाणांत घालून तासभर ठेवावें. बुडबुडे येऊन थर सुटतो. पण येथेंच एक इशारा देणें अवश्य आहे. आपल्याकडे कित्येक घरांत असलेली शहाबादी फरशी ही चुनखडीच होय, आणि संगमरवरहि त्याच जातीचा. त्यांवर लिंबाचा रस सांडून राहिला तर चकाकी जाऊन कायमचा पांढुरका डाग पडतो. किटलीचा थर काढणारें अम्ल फरशीचाहि थर काढतें. त्यास आपपरभाव नाहीं.

अम्लाच्या उलट गुणाचे पदार्थ म्हणजे अल्कली: राखेचें पाणी, चुना, साबण, धुण्याचा सोडा, आणि अगदीं सौम्य असा खाण्याचा सोडा. कोणता पदार्थ कोणत्या पक्षाचा, हें ओळखण्याचें साधन हळदीच्या डब्यांत आहे. हळद पाण्यांत कालवून तींत पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या भिजवाव्या व सावलींत वाळवाव्या. अशा पट्टीवर साबणाच्या पाण्याचा थेंब पडला कीं ती तांबडी होते. वर लिंबू पिळलें कीं पुन्हां पिवळी. हळदीवर चुन्याची क्रिया करून कुंकू बनविण्याची जुनी रीति याच गुणावर उभारलेली आहे. पांढऱ्या सदऱ्यावरचा आमटीचा डाग साबण लावतांच लालभडक होतो, तेव्हां डाग वाढला असें समजून पुष्कळ माता घाबरतात. घाबरण्याचें कारण नाहीं. तो रंगाचा केवळ वेषपालट आहे. कपडा नीट धुऊन कडक उन्हांत वाळत घालावा; हळदीचा रंग सूर्यप्रकाशांत टिकत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं सुटींत हा पट्ट्यांचा प्रयोग अवश्य करून पाहावा. खर्च कांहीं नाहीं, आणि घरांतील प्रत्येक बाटली व डबा तपासून होतो.

अल्कलीचें मुख्य काम तेलकटपणा काढण्याचें. चुलीची राख भांड्यांस लावीत, ती केवळ खरखरीत असते म्हणून नव्हे. लाकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट असतें. तें भांड्यावरील तेलातुपाशीं मिळून थोडा साबणच तयार करितें. चुली गेल्या, राख गेली. आतां तें काम धुण्याच्या सोड्यानें होतें. ॲल्युमिनियमच्या भांड्यास मात्र हा सोडा लावूं नये, तें काळें पडतें व झिजतें. लोंकर व रेशीम यांसहि तो वर्ज्य आहे, कारण हे दोन्ही तंतु प्राणिज असून अल्कलीनें कमकुवत होतात. त्यांसाठीं रिठा उत्तम. त्याच्या सालींत सॅपोनिन नांवाचें फेस देणारें द्रव्य असतें, तें मळ काढतें पण तंतूस दुखवीत नाहीं. रिठ्याच्या कोमट पाण्यांत धुतलेली शाल व विकतच्या पुडींत धुतलेली शाल हातांत घेऊन पाहावी. फरक बोटांस कळतो.

हल्लीं सोडा व शिरका एकत्र करून मोऱ्या व भांडीं स्वच्छ करण्याचा सल्ला जिकडेतिकडे ऐकूं येतो. फेस पुष्कळ येतो, म्हणून पाहणारास मोठें काम झालेंसें वाटतें. वास्तविक तो फेस म्हणजे निसटून जाणारा कार्बन डायऑक्साइड वायु. अम्ल व अल्कली एकमेकांस मारतात, आणि मागें उरतें तें बहुतेक निरुपद्रवी व बहुतेक निरुपयोगी पाणी. दोघांचीं कामें निराळीं आहेत. तीं निरनिराळ्या वेळीं करून घ्यावीं.

त्या वायूचा खरा उपयोग एका आणीबाणीच्या प्रसंगीं होतो. कढईंतील तेलानें पेट घेतला असतां पाणी ओतणें हें सर्वांत घातक. पाण्याची तत्काळ वाफ होऊन जळतें तेल चोहोंकडे उडतें. प्रथम आंच बंद करावी आणि कढईवर झाकण सरकवावें. झाकण जवळ नसेल व आग लहान असेल, तर खाण्याचा सोडा मुठीमुठीनें टाकावा. तापल्यावर तो हा वायु सोडतो व आग गुदमरते. घाईंत सोडा समजून मैदा टाकूं नये, मैदा स्वतःच पेटतो. सोड्याचा डबा नांव लिहून हाताशीं कां ठेवावा, हें यावरून दिसेल.

चांदीची गोष्ट थोडी वेगळी. चांदी काळी पडते ती गंधकामुळें. दंतमंजनानें ती उजळते खरी, कारण त्यांत खडूसारखी बारीक पूड असते. परंतु प्रत्येक घासण्यांत चांदीचा सूक्ष्म अंश निघून जातो. त्यापेक्षां कांचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यांत ॲल्युमिनियमचा पातळ कागद पसरावा, त्यावर चांदीची वाटी त्यास स्पर्श करील अशी ठेवावी, आणि वरून कडकडीत पाणी, एक मोठा चमचा खाण्याचा सोडा व थोडें मीठ घालावें. थोडी कुजल्या अंड्यासारखी घाण येईल. येथें गंधक चांदीस सोडून ॲल्युमिनियमकडे जातो, व चांदी जागच्या जागीं परत मिळते. खडे अगर मोतीं जडविलेले दागिने यांत घालूं नयेत.

सर्वच घाण अम्लानें किंवा अल्कलीनें जाते असें नाहीं. फणसाचा चीक पाण्याला व साबणाला दाद देत नाहीं, पण खोबरेल तेलांत सैल होतो. म्हणून फणस फोडणारा आधींच हातांस व विळीस तेल लावतो. न्हाणीघरांतील तुरटी गढूळ पाण्यांत फिरविली म्हणजे गाळ गोळा होऊन तळाशीं बसतो. पाणी निवळलें म्हणजे निर्जंतुक झालें असें मात्र नव्हे. तें उकळलेंच पाहिजे. कॅरमच्या फळ्यावर टाकण्याची बोरिक पूड कणीक व साखर यांत मळून गोळ्या केल्या तर झुरळें मरतात. ती माणसासहि विषारी आहे. रांगणारें मूल असलेल्या घरीं त्या गोळ्या ठेवूं नयेत, आणि ही पूड धान्यांतहि घालूं नये.

आतां ज्या इशाऱ्याचा आरंभीं उल्लेख केला, तिकडे वळूं. सन 1774 मध्यें शेले यानें क्लोरीन वायु प्रथम तयार केला. सन 1799 मध्यें ग्लासगो येथील चार्ल्स टेनंट यानें तो चुन्यांत मुरवून विरंजक चूर्ण बनविण्याचें पेटंट घेतलें, आणि कापड पांढरें करणें सोपें झालें. तोच वायु 22 एप्रिल 1915 रोजीं बेल्जममधील ईप्र येथें जर्मन सैन्यानें शत्रूच्या खंदकांवर सोडला. आज कपडे पांढरे करण्याच्या व फरशी निर्जंतुक करण्याच्या द्रवांत सोडियम हायपोक्लोराइट असतें, आणि शौचकूप धुण्याच्या पुष्कळ द्रवांत हायड्रोक्लोरिक अम्ल. दोन्ही एकेकटीं उपयोगी आहेत. परंतु एकानें डाग गेला नाहीं म्हणून वर दुसरें ओतलें, तर त्या लहानशा कोंडलेल्या खोलींत तोच वायु तयार होतो. शिरका व लिंबू यांनींहि तें घडतें. कांच पुसण्याच्या कांहीं द्रवांत अमोनिया असतो. तो विरंजक द्रवांत मिळाल्यास दुसरा एक विषारी वायु निघतो. आईबापांनीं या बाटल्या निरनिराळ्या फळ्यांवर, मूळच्या चिठ्ठीसह ठेवाव्या. सरबताच्या रिकाम्या बाटलींत तर कधींच भरूं नयेत. एक द्रव वापरल्यावर जागा भरपूर पाण्यानें धुवावी व दुसरा दुसऱ्या दिवशीं वापरावा. चुकून मिश्रण झालें आणि घसा व डोळे झोंबूं लागले, तर तें पुसण्यास थांबूं नये. तत्काळ मोकळ्या हवेंत यावें, जातां जातां दार उघडें टाकावें, इतरांस बाहेर काढावें, आणि खोकला किंवा धाप न थांबल्यास डॉक्टरांकडे जावें.