हिशेबाची फाईल : जतन, नाव आणि नक्कल

झिंडेलफिंगेन हे दक्षिण जर्मनीत स्टुटगार्टजवळ वसलेले शहर. १९१५ साली तेथे डाइमलर कंपनीचा कारखाना निघाला. आज मर्सिडीज-बेंझची एस-क्लास मोटार तेथे तयार होते आणि तीच मोटार पुण्याजवळ चाकण येथेही जोडली जाते. त्यामुळे या दोन ठिकाणांमध्ये माणसांची आणि कागदांची ये-जा असते. आता कागद म्हणजे बहुधा संगणकावरील एक्सेलच्या फाईली. घरखर्च असो वा गणेशोत्सवाची वर्गणी, परदेशी गेलेला मराठी माणूस हिशेब अशाच फाईलीत ठेवतो. आमच्या मॉरिशसमध्येही मंडळाच्या खजिनदाराची जुनी वही मागे पडत चालली आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

पहिली गोष्ट जतन करण्याची. जर्मन संगणकावर 'सेव्ह'ला 'श्पायशर्न' म्हणतात, आणि 'सेव्ह अ‍ॅज'ला 'श्पायशर्न उंटर'. पहिल्याने जुन्या मजकुरावर नवा मजकूर चढतो. दुसऱ्याने जुनी फाईल तशीच राहून नवी तयार होते. गेल्या वर्षाची फाईल उघडून त्यात या वर्षाचे आकडे भरायचे असतील, तर आधी 'सेव्ह अ‍ॅज' करावे आणि मगच आकड्यांना हात लावावा. नाहीतर गेल्या वर्षाचा हिशेब पुसला जाईल.

दुसरी गोष्ट नावाची. 'अंतिम', 'अंतिम २', 'खरेच अंतिम' अशी नावे आपण सर्वांनी पाहिली आहेत. वर्षभराने त्यांतले खरे कोणते, हे कोण सांगणार? नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा : २०२५-०८-२७-गणेशोत्सव-वर्गणी. अशा फाईली आपोआप कालक्रमाने लागतात. जर्मनीत तारीख २७.०८.२०२५ अशी लिहितात. फाईलीला तसे नाव दिले तर सगळ्या वर्षांच्या सत्तावीस तारखा एकत्र येतात. तिरकी रेघ तर विंडोज नावात घेतच नाही.

आकड्यांचाही भेद आहे. जर्मन पद्धतीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब असते. आपण १,००० लिहितो, ते जर्मन मांडणीच्या एक्सेलमध्ये केवळ एक ठरते. दीड म्हणून १.५ लिहिले, तर ती १ मे ही तारीख होते. सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाईलीत हा धोका मोठा आहे. एक्सेलच्या स्वतःच्या एक्सएलएसएक्स स्वरूपात आकडा आकडा म्हणूनच साठवला जातो, आणि उघडणाऱ्याला तो त्याच्या पद्धतीने दिसतो. परदेशी फाईल पाठवायची असेल तर हेच स्वरूप निवडावे.

स्वरूपाकडे दुर्लक्ष केल्याने काय होते, हे इंग्लंडने २०२० साली पाहिले. कोरोना चाचण्यांचे निकाल जुन्या एक्सएलएस स्वरूपात घेतले जात होते. त्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. परिणामी १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातील लोकांना सावध करण्यास उशीर झाला.

तिसरी गोष्ट नकलेची. फाईल बंद करून मगच तिची नक्कल घ्यावी. एक प्रत संगणकावर, दुसरी पेनड्राइव्हवर, तिसरी दुसऱ्या घरी असावी. डेस्कटॉपवरचा 'शॉर्टकट' ही नक्कल नव्हे. तो केवळ मूळ फाईलीकडे नेणारा पत्ता आहे. एखादे पानच दुसऱ्या फाईलीत नेले, तर त्यातील सूत्रे जुन्या फाईलीशी जोडलेली राहू शकतात. जुनी फाईल हलवण्यापूर्वी ती तपासावीत.

वर्गणीचा पैसा हा लोकांच्या विश्वासाचा पैसा. नवा खजिनदार येईल, तेव्हा त्याला काही न विचारता फाईल सापडली आणि तिच्यातील आकडे जुळले, म्हणजे आपले काम नीट झाले असे समजावे.