धाकट्याच्या अंगचें दान

बंधुप्रेम हा शाळेंतील निबंधाचा फार जुना विषय आहे. भरतानें रामाच्या पादुका सिंहासनावर ठेविल्या, योसेफानें भावांस क्षमा केली, आणि शेवटीं दोन ओळींचा उपदेश, इतकें लिहिलें कीं निबंध पुरा होतो. परंतु हल्लींच्या वैद्यकशास्त्रानें या विषयांत एक असा प्रश्न आणून ठेविला आहे कीं, त्याचें उत्तर दोन ओळींत देतां येत नाहीं. एका घरांत दोन भावंडें आहेत. थोरला रोगानें खंगत चालला आहे, आणि धाकटीच्या हाडांतील मज्जा मिळाल्यास तो वांचण्याचा संभव आहे. धाकटी अवघी सात वर्षांची. आपणांस काय द्यावयाचें आहे हें तिला नीट समजत नाहीं. समजलें तरी "नको" म्हणण्याचें बळ तिच्यांत नाहीं. तिच्या वतीनें "हो" कोणीं म्हणावयाचें? आईबापांनीं म्हणावें, तर ते थोरल्याचेहि आईबाप आहेत!

हा प्रश्न दूरदेशचा नव्हे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतून दुखणाईत मूल घेऊन मुंबईची वाट धरणारीं माणसें आम्ही एस. टी.च्या थांब्यावर आणि कोंकण रेल्वेच्या फलाटावर पाहतों. त्यांच्या पाठीमागें घरीं आजीपाशीं राहिलेलें दुसरें एक मूल पुष्कळदां असतें. सर्वांचे डोळे आजारी मुलाकडे लागलेले असतात, व तें योग्यच आहे. आजचा हा लेख मात्र त्या दुसऱ्या मुलाविषयीं आहे.

प्रथम दान कशाचें तें पाहूं. आपल्या हाडांच्या पोकळींत जी मज्जा असते ती रक्ताचा कारखाना होय. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्तपट्टिका तेथेंच तयार होतात. रक्ताच्या कर्करोगांत हा कारखाना बिघडतो; थॅलॅसेमिया नांवाच्या आनुवंशिक रोगांत तो निकामी तांबड्या पेशी निर्माण करितो, आणि मग त्या मुलास दर दोन ते चार आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें. अशा वेळीं डॉक्टर तीव्र औषधांनीं रोग्याची मज्जा नष्ट करितात व निरोगी माणसाची मज्जा शिरेवाटे त्याच्या शरीरांत सोडतात. नवलाची गोष्ट ही कीं, ती मज्जा आपली जागा आपण शोधून काढिते व तेथें रुजते.

परंतु कोणाचीहि मज्जा कोणासहि चालत नाहीं. पेशींवरील कांहीं खुणा जुळाव्या लागतात. या खुणांचे दोन संच प्रत्येकाजवळ असतात. एक बापाकडून आलेला, दुसरा आईकडून. बापाच्या दोहोंपैकीं कोणता येईल आणि आईच्या दोहोंपैकीं कोणता येईल, याचे एकंदर चार प्रकार होतात. म्हणून एका सख्ख्या भावंडाशीं पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारांत एक. आईबापांची जुळणी बहुधा निम्मीच असते. यास्तव शोध सुरू होतो तो भावंडांपासून, आणि प्रश्न येऊन पडतो तो लहान मुलांच्या अंगावर.

हिंदुस्थानांत मज्जारोपणाचा प्रारंभ आपल्या मुंबईंतच झाला. २० मार्च १९८३ रोजीं परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. सुरेश अडवाणी यांनीं रक्ताच्या कर्करोगानें ग्रासलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीवर हा उपचार केला. मज्जा दिली ती तिच्या भावानें. डॉ. अडवाणी यांस बालपणीं पोलिओ झाला असून त्यांनीं आपलें सारें वैद्यकीय आयुष्य चाकांच्या खुर्चीवरून घालविलें, हेंहि आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. या देशांतील मज्जारोपणाच्या इतिहासाचें पहिलें पान अशा रीतीनें एका भावानें बहिणीस दिलेल्या दानानें लिहिलें गेलें.

दात्यास यांत सोसावें लागतें तें किती? त्यास भूल देऊन कमरेच्या मागील हाडांत सुई घालून मज्जा ओढून घेतात. वजनाच्या दर किलोमागें साधारणपणें २० मिलिलिटरहून अधिक घेत नाहींत. म्हणजे २० किलो वजनाच्या मुलाकडून फार तर ४०० मिलिलिटर. कांहीं दिवस कंबर दुखते. गेलेली मज्जा कांहीं आठवड्यांत भरून येते. भुलेचा धोका अल्प असतो, पण तो शून्य नव्हे. मूत्रपिंडाची गोष्ट निराळी. तें एकदां दिलें कीं पुन्हां उगवत नाहीं. यकृताचा तुकडा पुन्हां वाढतो खरा, परंतु त्यासाठीं पोट उघडून मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. तेव्हां "भावंडासाठीं देणें" या एका शब्दाखालीं विहिरीचें पाणी आणि विहिरीची जागा या दोहोंची गल्लत होऊं देऊं नये. पाणी पुन्हां पाझरतें. जागा गेली ती गेली.

आतां नीतीचा प्रश्न. २३ डिसेंबर १९५४ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसविलें व तें यशस्वी झालें. ते दोघे भाऊ प्रौढ होते. पुढें १९५७ सालीं तेथील न्यायालयापुढें अल्पवयी जुळ्यांचीं प्रकरणें आलीं. त्यांत चौदा वर्षांचींहि होतीं. निरोगी मुलावर शस्त्रक्रिया करणें म्हणजे, ज्यास उपचाराची गरज नाहीं त्यावर शस्त्र चालविणें होय. न्यायालयानें परवानगी दिली ती या विचारानें कीं, जुळें भावंड मेलें तर मागें राहणाऱ्याच्या मनावर जो आघात होईल तो मूत्रपिंड देण्याहून भारी होईल. म्हणजे दात्याचाहि कांहीं लाभ दाखविल्यावांचून केवळ दुसऱ्याच्या गरजेसाठीं लहान मुलास हात लावतां येत नाहीं, हें तत्त्व तेथें मान्य झालें.

याच तत्त्वाची दुसरी बाजू १९९० सालीं इलिनॉय राज्यांत दिसली. बारा वर्षांच्या एका मुलास रक्ताचा कर्करोग झाला होता. त्याच्या बापाला दुसऱ्या स्त्रीपासून साडेतीन वर्षांचीं जुळीं मुलें होतीं. त्या मुलांची तपासणी व्हावी अशी बापाची मागणी; आईचा नकार. सर्वोच्च न्यायालयानें बापाची मागणी फेटाळली. मुलास वाढविणाऱ्या पालकास सर्व धोके ठाऊक असून त्याची संमति हवी. त्या कठीण प्रसंगीं मुलास धीर देणारें माणूस त्याच्याजवळ हवें. आणि दाता व रोगी यांच्यांत प्रत्यक्ष जिव्हाळ्याचें नातें असावें, अशा तीन गोष्टी न्यायालयानें सांगितल्या. ज्या भावाशीं ओळखच नाहीं त्याच्या मृत्यूचें दुःख त्या बाळांस कोठून होणार? निकाल कठोर वाटतो, कारण तिकडे एक मुलगा मृत्यूच्या दारीं होता. तरी रक्ताचें नातें म्हणजे रक्तावरचा हक्क नव्हे, हें त्या निकालानें स्पष्ट केलें.

आपल्या देशाचा कायदा या बाबतींत बराच सावध आहे. मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ सालीं झाला व ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्र आणि गोवा येथें लागू झाला. २०१४ च्या नियमांप्रमाणें जिवंतपणीं अवयव देण्यास अठरा वर्षांखालील मुलांस मनाई आहे. केवळ अपवादात्मक वैद्यकीय कारण असल्यास, तें सविस्तर लिहून ठेवून, राज्य शासनाची आगाऊ मान्यता घेऊनच तसें करितां येतें. २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयापुढें सोळा वर्षांची एक मुलगी आईमार्फत आली. तिला आपल्या वडिलांस यकृताचा अंश द्यावयाचा होता. शासनानें परवानगी नाकारली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत केरळच्या उच्च न्यायालयानें मात्र सतरा वर्षांच्या एका मुलीस तीच परवानगी दिली, व २०२३ च्या फेब्रुवारींत तें दान घडलें. दोन्ही मुलींचें प्रेम सारखेंच मानावयास हरकत नाहीं. परंतु कायदा प्रेमाची परीक्षा घेत नाहीं. तें प्रेम कोणी वापरून तर घेत नाहीं ना, एवढेंच तो पाहतो.

आमच्या जुन्या कथांत हा प्रश्न आधींच येऊन गेला आहे. दधीचींनीं देवांस आपल्या अस्थि दिल्या. ते जाणते ऋषि होते व देह त्यांचा स्वतःचा होता. चिलया बाळाची गोष्ट वेगळी. तेथें अतिथीचें व्रत श्रियाळ-चांगुणेचें, आणि देह मात्र बाळाचा. दुसऱ्याच्या देहावर आपण केलेला त्याग हा आपला त्याग होय काय? ययातीनें आपलें वार्धक्य घेण्याविषयीं पांच पुत्रांस क्रमानें विचारिलें. चौघांनीं नाकारलें, त्या चौघांसहि त्यानें शाप दिले. धाकट्या पूरूनें मान्य केलें. पूरूची पितृभक्ति आम्ही थोर मानतों. पण ज्या घरांत "नाहीं" म्हणणारास शाप मिळतो, त्या घरांतील "होय" किती मोकळेपणानें निघालें असेल? आमच्या घरांत शापवाणी उच्चारली जात नाहीं, परंतु आईचे डोळे भरून येतात, आत्या म्हणते, "दादासाठीं एवढेंहि करणार नाहींस का?", आणि लहान मुलास तेवढें पुरे होतें.

शास्त्र आणखी एक पाऊल पुढें गेलें आहे. आजारी मुलास मज्जा मिळावी म्हणून जुळणारें भावंडच जन्मास आणण्याची युक्ति निघाली आहे. शरीराबाहेर गर्भधारणा करून, निरोगी व खुणा जुळणारा गर्भ निवडून, तोच मातेच्या उदरीं ठेवितात. आईबाप दोघेहि थॅलॅसेमियाचे वाहक असल्यास मूल त्या रोगापासून मुक्त असण्याचा संभव चारांत तीन. खुणा जुळण्याचा चारांत एक. दोन्ही एकदम साधण्याचा सोळांत तीन. म्हणून निवड करावी लागते. आपल्या देशांत अहमदाबादच्या एका कुटुंबांत अशी कन्या २०१८ सालीं जन्मली, व २०२० च्या मार्चमध्यें तिची मज्जा तिच्या थोरल्या भावास देण्यांत आली. भाऊ बरा झाला. या गोष्टीचा आनंद मानावा कीं भय बाळगावें?

कांहीं लोक म्हणतात, मूल हें स्वतःसाठीं जन्मावें, औषध म्हणून नव्हे. हा आक्षेप हलका नाहीं. परंतु वंशास दिवा हवा, म्हातारपणीं काठी हवी, थोरल्यास सोबत हवी, अशा हेतूंनीं माणसें नेहमींच मुलांची इच्छा करीत आलीं आहेत. हेतूपेक्षां पुढील वागणूक महत्त्वाची, असें आम्हांस वाटतें. मज्जा देऊन झाल्यावरहि त्या मुलीचे लाड होतात काय? आणि उद्यां तोच भाऊ पुन्हां आजारी पडला तर पुन्हां तिच्याच दारीं जावयाचें काय? मज्जेनंतर मूत्रपिंड मागावयाचें काय? ही मर्यादा पहिल्या दिवशींच ठरवावी. कारण संकटाच्या रात्रीं मर्यादा ठरविणें कोणत्याहि आईबापांच्या हातून होत नाहीं.

यावरून आमचें मत आम्ही थोडक्यांत मांडतों. जें पुन्हां भरून येतें तें लहान भावंडाकडून घेण्यास हरकत नाहीं, परंतु कांहीं गोष्टी पाळूनच. तितकाच उपयोगी पडणारा प्रौढ नातलग मिळतो काय हें आधीं पाहावें. हल्लीं आईबापांच्या निम्म्या जुळणाऱ्या मज्जेवरहि उपचार होऊं लागले आहेत. रोग्यास गुण येण्याचा खरा संभव असावा. दोघां भावंडांत माया असावी. दात्या मुलाच्या हिताकडे पाहणारा डॉक्टर रोग्याच्या डॉक्टराहून वेगळा असावा. आणि मुलास त्याच्या वयास साजेल अशा शब्दांत सारें सांगून त्याचें म्हणणें ऐकावें. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१० सालीं दिलेला सल्लाहि याच दिशेचा आहे. जें पुन्हां भरून येत नाहीं तें मात्र वयांत येईपर्यंत मागूंच नये, हा नियम. अपवाद शासनानें पारखावा, घरानें नव्हे.

पालकांस आणखी एक विनंति. रोपण नेहमींच यशस्वी होतें असें नाहीं. तें फसलें व थोरलें मूल गेलें, तर धाकटें मनांत म्हणतें, "माझीच मज्जा वाईट होती." तें हें कोणापाशीं बोलत नाहीं. म्हणून दान घेण्यापूर्वींच त्यास सांगून ठेवा कीं, देणें तुझ्या हातीं, गुण येणें तुझ्या हातीं नाहीं. आणि दान यशस्वी झालें तर दुसरी चूक करूं नका. प्रत्येक भांडणांत थोरल्यास "तिच्यामुळें जगलास" असें ऐकवूं नका. उपकाराचें ओझें घेऊन भावंडांस खेळतां येत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यावर असा प्रसंग न येवो. आलाच तर भीति वाटणें म्हणजे प्रेम नसणें नव्हे. दुखेल काय, किती दिवस दुखेल, शाळा किती बुडेल, हें विचारण्याचा तुम्हांस अधिकार आहे. बापाबरोबर डोंगर चढणाऱ्या इसहाकानेंहि वाटेंत प्रश्न विचारिलाच होता. आणि त्या कथेंत शेवटीं पित्याचा उगारलेला हात थांबविला गेला, हें विसरूं नका. तुमच्यापैकीं ज्यांस अठरा वर्षें पुरीं होतील त्यांनीं रक्तदान करावें व मज्जादात्यांच्या नोंदवहींत आपलें नांव घालावें. परक्या घरचें एखादें आजारी मूल तुमच्या मज्जेनें उठून बसेल, आणि त्याच्या सात वर्षांच्या बहिणीस आपल्या सुटीचे दिवस रुग्णालयांत न घालवितां आजीच्या अंगणांत घालवितां येतील.