उपवास, चौविहार आणि मधुमेहाची गोळी

तीन वर्षांपूर्वीच्या संवत्सरीची गोष्ट. माझा उपवास होता. पाणी वापरण्याची वेळ झाली, तेव्हा अकरा वर्षांच्या सवयीने मी उकळलेल्या पाण्याबरोबर मधुमेहाची गोळीही घेतली. औषध कधी चुकवू नये, एवढेच मला ठाऊक होते. दुपारी विरारच्या उपाश्रयात बसलो असता अंगाला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. शेजारच्यांचे बोलणे कानी पडत होते, पण अर्थ लागत नव्हता. सूनबाईंनी घरून ग्लुकोमीटर मागवला. साखर 48 निघाली.

साखरपाण्याचा पेला पुढे आला, तेव्हा मी मानेनेच नकार दिला. पच्चक्खाण मोडेल, ही भीती. तेव्हा महाराजसाहेबांनी समजावले, की उपवासाच्या पच्चक्खाणातच ‘सव्वसमाहिवत्तियागार’ हा आगार आहे. प्रकृती बिघडून समाधी टिकेनाशी झाल्यास औषधोपचाराची मोकळीक त्या पाठातच ठेवलेली आहे. मी पेला घेतला आणि वीसेक मिनिटांत भानावर आलो.

आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या कर्जाची कागदपत्रे बारकाईने तपासली. स्वतः रोज घेत असलेल्या गोळीत काय आहे, हे मात्र कधी विचारले नव्हते. त्यानंतर डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडत आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांतील बहुतेकांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा असतो. शरीरात इन्सुलिन तयार होते. पण ते पुरेसे परिणामकारक ठरत नाही आणि कालांतराने अपुरेही पडू लागते. औषधे या साखळीतील निरनिराळ्या जागी काम करतात, म्हणून ‘शुगरची गोळी’ ही एकच वस्तू नव्हे.

मेटफॉर्मिन हे बहुधा पहिले औषध. ते यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. एकटे घेतल्यास त्याने साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचा संभव फार कमी असतो. मात्र दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील बी-12 जीवनसत्त्व घटू शकते. आपण शाकाहारी असल्याने ते मुळातच कमी असण्याची शक्यता असते. पायांना मुंग्या येत असतील, तर केवळ मधुमेहाला दोष न देता बी-12 ची तपासणीही करून घ्यावी.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही औषधे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास भाग पाडतात, मग पोटात अन्न असो वा नसो. माझ्या गोळीत मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड होते आणि उपवासात घात केला तो त्यानेच. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या गटाचे काम साखर वाढलेली असतानाच प्रामुख्याने चालते, त्यामुळे तो धोका कमी. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय व मूत्रपिंड यांनाही त्यांचा लाभ होतो. पण त्यांच्यासोबत शरीरातील पाणीही जाते आणि दीर्घ उपवासात रक्तात कीटोन आम्ले साचण्याचा धोका असतो. अठ्ठाई वा मासक्षमण करू इच्छिणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

इन्सुलिनविषयी आपल्या समाजात एक जुनी शंका आहे. पूर्वी ते गाई व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई, हे खरे. परंतु 1982 पासून जनुकीय तंत्राने जिवाणू वा यीस्टच्या साहाय्याने बनवलेले मानवी इन्सुलिन उपलब्ध झाले आणि आज सर्रास तेच किंवा त्याचे सुधारित प्रकार दिले जातात. प्राण्यांच्या स्वादुपिंडाच्या भीतीने इन्सुलिन टाळण्याचे कारण आता उरलेले नाही.

चौविहार पाळणाऱ्यांची अडचण वेगळी. चर्चगेटहून विरार लोकल पकडून घरी पोहोचेपर्यंत सूर्यास्त होऊन गेलेला असतो. म्हणून नोकरीत असताना मी संध्याकाळचा डबा कार्यालयातच उघडत असे. जेवणाबरोबरची गोळीही अशा वेळी डब्याबरोबरच घ्यावी लागते आणि रात्रीचा दीर्घ निराहार डॉक्टरांना आधी सांगावा लागतो. सांगितले, तर ते औषधाचा प्रकार, मात्रा व वेळ बदलून देऊ शकतात. आपण होऊन गोळी बंद करणे वा दुप्पट घेणे, दोन्ही घातक. इन्सुलिन तर स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये.

खर्चाचाही विचार हवा. सिटाग्लिप्टिनचे पेटंट 2022 मध्ये संपले आणि त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 60 रुपयांना मिळू लागल्या. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांनी आपल्या औषधाचा जेनेरिक पर्याय आहे का, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.

साखर 70 च्या खाली गेली, तर सुमारे 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्यावी व 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. व्होग्लिबोज वा अकार्बोज घेणाऱ्यांनी ग्लुकोजच घ्यावे, कारण त्या औषधांमुळे साध्या साखरेचे पचन मंदावते. रुग्ण शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालय गाठावे.

माझी तपश्चर्या थांबलेली नाही. आता पर्युषणाच्या तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे जातो आणि त्यांनी अनुमती दिली तेवढेच पच्चक्खाण घेतो. गेल्या वर्षी उपवासाऐवजी एकासणे केले. आरंभी मनाला चुटपुट लागली, पण संवत्सरी प्रतिक्रमणास शेवटपर्यंत सावधपणे बसू शकलो. ज्यांच्या घरी मधुमेही तपस्वी आहेत, त्यांनी या वर्षी पच्चक्खाणापूर्वी औषधांची चिठ्ठी एकदा डॉक्टरांपुढे ठेवावी, एवढीच विनंती.