जवानाचा पोशाख

जुहूच्या चौपाटीवर मऊ वाळूत पाय रुततो. सडकेवर सहज चालणारा माणूस इथं लवकर दमतो. त्यात अंगावर दहा किलोंचं ओझं दिलं तर? आपल्या जवानाचं असंच होतं. अंगात गोळी अडवणारं जाकीट, डोक्यावर टोप, पाठीवर पिशवी, हातात बंदूक!

घाम वाळला की अंग गार होतं. पण जाकीट गोळीबरोबर वाराही अडवतं. घाम वाळत नाही, अंग तापतं, छाती धडधडते. दमलेल्या हाताचा नेम चुकतो. जीव वाचवणारा कपडाच जिवावर बेततो.

म्हणून परीक्षा दोन कराव्या लागतात. पहिली कापडाची. ते ताणून, घासून, धुऊन पाहतात. घाटकोपरची बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन कापडाच्या परीक्षा करते. दुसरी माणसाची. दिल्लीची ‘डिपास’ ही संरक्षण खात्याची संस्था जवानाच्या शरीराचा अभ्यास करते. अशा परीक्षेत जवानाला फिरत्या पट्ट्यावर चालवतात. एकदा साध्या कपड्यांत, एकदा पुऱ्या पोशाखात. दोन्ही वेळा नाडी, श्वास आणि अंगाची उष्णता मोजतात. फरक किती, त्यावरून पोशाख पारखतात.

हे आपल्याही कामाचं आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं शेतकरी आणि मजूर दगावले. फवारणीचा पोशाखही विष अडवणारा हवा, आणि उन्हात सोसवेल असाही हवा. खुंटीला टांगलेला पोशाख कुणाला वाचवत नाही.